लाल रिबीन

३ फेब्रुवारी, सोमवार

उडाली! रुचिरा आज खऱ्या विमानात उडाली. चाळीस मिनिटं. शेजारी फ्लाइंग स्कूलचे सर बसलेले, पण कंट्रोल बराच वेळ हिच्याच हातात. फोन आला तेव्हा मी मुलुंडला एका टॉवरच्या मशीन रूममध्ये, लिफ्टच्या मोटरखाली, हात ग्रीसने बरबटलेले. कोपराने स्पीकर लावला.

"मामा, तुझं सिम आणि खरं विमान — अरे काही संबंधच नाही यार!"

म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. डिसेंबर-जानेवारीत साठ तास बसलीस आमच्या हॉलमध्ये कम्प्युटरवर विमान उडवत, ते काय फुकट? तर म्हणाली, फुकट नाही, काटे सगळे ओळखीचे निघाले. कुठलं बटण कुठे, रेडिओवर काय बोलायचं, सगळं पाठ. सरही खूश. पण हात! "तुझी स्टिक कायम सारखीच सैल. इथे स्पीड वाढला की कंट्रोल घट्ट होतो, कमी झाला की एकदम ढिला. कानाने नाही, हाताने स्पीड कळतो. आणि हवेचा धक्का स्क्रीनवर दिसत नाही मामा, बुडाला कळतो!"

सर म्हणे हसले — सिमवर शिकलेली मुलं काट्यांकडेच बघत बसतात, बाहेर बघा म्हणावं लागतं.

मला जरा लागलंच. आमच्या सिमवाल्यांच्या ग्रुपवर मी छातीठोकपणे सांगत असतो — नीट सेट केलं तर सिम ऐंशी टक्के खरं. आणि स्वतः मी खऱ्या छोट्या विमानाला हातसुद्धा लावलेला नाही!

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "धावपट्टीवर फुल पॉवर दिली की विमान डावीकडे पळतं रे. सिममध्ये तर कधी नाही पळालं."

मी म्हटलं, वारा असेल.

५ फेब्रुवारी

वारा नव्हता. मला माहीत आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुढे एकच पंखा असलेलं विमान फुल पॉवरला डावीकडे ओढतं. ओढतंच. उजवा पाय दाबून सरळ ठेवायचं. हे मी ग्रुपवर दहा जणांना शिकवलंय. मग माझ्या सिमवर साठ तासांत रुचिराला ते एकदाही का कळलं नाही?

आज सुट्टी. मानसी बाजारात गेली होती. बाबा नेहमीसारखे खिडकीत. घाटकोपरला आमच्या छतावरून विमानं उतरायला जातात, बाबा त्यांच्या चाकांवर नजर ठेवून असतात. मी कम्प्युटर लावला आणि छोट्या विमानाची सेटिंग उघडली.

मदत चालू होती. मीच चालू केलेली. मीच विसरलेलो.

बाबांसाठी केली होती. मिलमध्ये सांचाखात्यात मागांवर तीस वर्षं काढलेला माणूस, तुटलेला धागा डोळे मिटून जोडायचा. चार वर्षांपूर्वी कंपवात लागला आणि शर्टाचं बटण लागेना. मागच्या पावसाळ्यात सिमवर बसवलं, गावाकडचा दर्या दाखवला. हरखले! मग रोज हट्ट — चिपीच्या विमानतळावर विमान मीच उतरवणार. रोज आपटायचे. हात थरथरला की विमान थरथरायचं. तो हात दुसऱ्या हाताखाली दाबून बसायचे. ते मला बघवेना. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी गुपचूप मदत लावली. स्टिक थोडी हलली तर विमानाला कळू नये, आणि पायांचं काम सगळं कम्प्युटरने करावं. त्या दिवशी बाबांनी चिपीला असं उतरवलं म्हणता — झकास! मधल्या रेषेवर! "बघितलंस मा झिला?" म्हणाले. डोळ्यांत पाणी. माझ्याही.

बाबांना सांगितलं नाही. बायको असून मानसीलाही नाही. आणि डिसेंबरात रुचिरा आली, त्याच खुर्चीत बसली, तेच विमान घेतलं. मी स्वतः सिमवर मोठी जेट उडवतो, त्यात हा प्रश्नच येत नाही, म्हणून ढुंकून पाहिलं नाही. तिने विचारलंही होतं, "जरा सुस्त नाही का वाटत?" मी काय म्हणालो? छोटं विमान असंच असतं!

साठ तास त्या पोरीच्या पायांना मी झोपायला शिकवलं.

११ फेब्रुवारी

रुचिराचा फोन. सर ओरडले, "पाय झोपलेत का तुझे?" मी म्हटलं, उजवा पाय दाब, होईल सवय. सल्ला बरोबरच दिला. का ते नाही सांगितलं.

ओठांवर आलं होतं. पण ती आईला सांगणार, चेतना बाबांना. माझ्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि बाबा परवाच खालच्या वाण्याला सांगत होते की मी इमान उतरवतंय.

पंचवीस-तीस तासांत होईलच की तिला सवय. सगळ्यांना होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज हाताखालच्या सिद्धेशला झापलं. सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर.

दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून दाराच्या लॉकला स्विच असतो. दुरुस्ती करताना एक वायर टाकून तो गंडवावा लागतो, नाहीतर कामच करता येत नाही. ती वायर काढायची राहिली तर? दार उघडं, लिफ्ट वर, आणि माणूस सरळ खड्ड्यात. म्हणून आमच्यात नियम आहे — वायर टाकली की तिला लाल रिबीन बांधायची, हातभर लोंबती, आंधळ्यालाही दिसेल अशी. सिद्धेशने वायर टाकली, रिबीन बांधली नाही. "दोन मिनिटांचं काम होतं सर."

"दोन मिनिटांत विसरतोस आणि वीस वर्षं भोगतोस!" मी ओरडलो. "स्वतःला गंडव रे, पण वायर टाकून दुसऱ्याला त्यात चढवू नकोस!"

बोलून गेलो आणि मग ते मलाच ऐकू आलं. सिद्धेश "सॉरी सर, सॉरी सर" करत होता. मी खाली जाऊन चहा घेतला, अर्धा तसाच टाकला.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांचा हात हल्ली जास्तच हलतो. सकाळी बशी सांडली. मानसी मला म्हणाली, "अहो, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" बाबा रागावले. जानेवारीपासून गोळ्यांचा डबा त्यांनी स्वतःकडे घेतलाय — सकाळची मानसीच्या हातून, दुपारची आणि संध्याकाळची आपली आपण. "माका काय पोर समाजतास?" तेव्हा मला बरंच वाटलं होतं. विमान उतरवायला लागल्यापासून माणूस ताठ झालाय, स्वतःचं स्वतः करतो, असं मीच चेतनाला कौतुकाने सांगितलं होतं.

दुपारी सिमवर बसले. विमान डुगडुगायला लागलं. चेहरा पडला त्यांचा. पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात मी मदत आणखी वाढवली.

उतरवलं. रेषेवर.

४ मार्च

बाबांच्या डॉक्टरकडे. तपासून म्हणाले, आजार पुढे सरकतोय, वयानुसार होतं. गोळी वाढवली. बाबा मान डोलवत ऐकत होते, चेहऱ्यावर गालातल्या गालात हसू. मला वाटलं, धीराचा माणूस.

१३ मार्च, गुरुवार

रुचिरा एकटीने उडणार! पुढच्या आठवड्यात. सर म्हणाले, तयार आहेस, फक्त पाय अजून अर्धा सेकंद उशिरा येतो. "विचार करून येतो मामा. बाकी पोरांचा आपोआप येतो, मला आठवण करून द्यावी लागते. असं का रे?"

असं का रे!

मी म्हटलं, "अगं, प्रत्येकाचं वेगळं असतं."

फोन ठेवला. पुन्हा लावला. एक रिंग वाजली आणि कापला. तिचा मेसेज आला, काय रे? मी लिहिलं, चुकून लागला.

१९ मार्च, बुधवार

पडली.

म्हणजे विमानासकट नाही. जिवंत आहे. तीच बोलली फोनवर. आधी हे लिहून ठेवतो.

एकटीची पहिली फेरी. वर सगळं छान. उतरताना चाकं टेकली आणि विमान परत उसळलं. शिकवलं होतं तसं तिने फुल पॉवर दिली, पुन्हा वर जायला. विमान डावीकडे ओढलं. पाय आला नाही. धावपट्टी सोडून गवतात, पुढचं चाक मोडलं, पंखा जमिनीत. डावं मनगट फ्रॅक्चर, कपाळाला टाके.

"मामा, मला दिसत होतं रे डावीकडे चाललंय. दिसत होतं. पायाला कळलंच नाही."



२० मार्च

सिद्धेशच्या वायरीमुळे कुणी खड्ड्यात पडलं असतं तर मी पोलिसात गेलो असतो.

२५ मार्च

चेतना तिला कांदिवलीला घेऊन आली. चौकशी झाली. रुचिराने लिहून दिलं — चूक पूर्णपणे माझी. सर म्हणाले म्हणे, असं होतं, हात बरा झाला की ये परत. ती नाही म्हणते. "माझ्यात ते नाहीच मुळात." चेतना फोनवर रडली. मी तिला धीर दिला! मी!

३० मार्च, रविवार. पाडवा

मायलेकी आमच्या घरी आल्या. रुचिराच्या गळ्यात हात बांधलेला, कपाळावर पट्टी. हॉलमध्ये आली आणि सिमकडे पाठ करून बसली. मानसीने श्रीखंड वाढलं, तिने चमच्याने रेघोट्या ओढल्या नुसत्या.

बाबांना तिचं तोंड बघवेना. लाडकी नात. उठले, धरत धरत खुर्चीत जाऊन बसले. "सुबोध, लाव. चेडवाक दाखवतंय." मी नको म्हणत होतो. चेतना म्हणाली, लाव रे दादा, तेवढंच तिचं मन रमेल.

लावला. काय करणार होतो?

हात असा हलत होता की स्टिक टेबलावर खडखड वाजत होती. आणि विमान मात्र गुळगुळीत खाली आलं. टेकलं. मधल्या रेषेवर. बाबा वळून म्हणाले, "बघ गो. शहात्तर वर्सां माझी, हात हो असो, तरी उतरवतंय मा? तुका कित्या नाय जमाचा? धीर सोडू नको."

प्रेमानेच म्हणाले ते. पण रुचिराचा चेहरा! उठून बेसिनपाशी गेली. मी मागे गेलो. नळ सोडून रडत होती. "आजोबांना जमतं मामा. आजोबांना. आणि मी पाय दाबू शकत नाही."

तेव्हा तरी बोलायचं ना रे, भिकारड्या? टॉवेल दिला मी तिला.

६ एप्रिल, रविवार

सांगितलं.

सकाळी मेट्रोने अंधेरी, तिथून कांदिवली. चेतना देवळात गेली होती. रुचिरा एकटीच. मी चप्पलसुद्धा काढली नाही, दारातच सुरू झालो, नाहीतर परत फिरलो असतो. मदत, दिवाळी, बाबांचा हात, तेच विमान. लाल रिबीनही सांगितली. सगळं उभ्याउभ्या.

ऐकून घेतलं तिने. मग विचारलं, "तुला कळलं कधी?"

"आठ फेब्रुवारीला."

ती मनातल्या मनात मोजत होती, दिसत होतं मला. "विसरलास ते ठीक आहे. माणूस विसरतो. पण आठ फेब्रुवारीनंतर मी तुला किती वेळा फोन केला, मामा? असं का रे, असं का रे, विचारत होते ना मी? आणि तू मला सांगतोयस, प्रत्येकाचं वेगळं असतं! अठरा दिवस मी पडून ठरवतेय की माझ्यात खोट आहे, आणि तू श्रीखंड खातोयस समोर बसून?"

मी बाहीने डोळे पुसले. म्हणाली, "आत ये आधी. दारात उभा राहून काय रडतोस."

तिने एका हाताने चहा केला, मी मदतीला उठलो तर नजरेनेच बसवलं. मग अचानक म्हणाली, "म्हणजे माझे पाय बिघडलेले नाहीत. चुकीचं शिकलेत." पुन्हा एकदा म्हणाली, स्वतःशीच. "चुकीचं शिकलेलं विसरता येतं. प्लास्टर हाताला आहे, पायांना नाही. सिमचं पेडल मला पाठव. लॅपटॉपला जोडते. रोज फक्त पाय. मदत बंद."

"पाठवतो. मीच घेऊन येतो."

"सरांना मी फोन करते. तू मला लगेच माफी वगैरे मागू नकोस, माझं डोकं फिरलंय अजून."

निघताना विचारलं, बाबांना काय सांगू? तेव्हा मात्र तिचा आवाज मऊ झाला. "आजोबांना नको सांगूस. त्यांना कुठे खरं विमान उडवायचंय? त्यांचं राहू दे. त्यात कुणाचं काय बिघडतंय?"

खरंच. कुणाचं काय बिघडतंय? येताना दोन महिन्यांत पहिल्यांदा बाहेर बघत आलो.

७ एप्रिल

आता नियमाने. सिममध्ये बाबांचं विमान वेगळं ठेवलं, मदत फक्त त्यातच. नाव दिलं — लाल रिबीन. बाबांनी विचारलं, ह्या काय? म्हटलं, तुमच्या विमानाचं नाव. खूश झाले.

९ एप्रिल

रुचिराचा मेसेज — सर म्हणाले, ये. पुढे एकच ओळ, पेडल कधी आणतोयस?

बाबांना दोनदा चमचा धरता आला नाही. मानसीने भरवलं. गोळी वाढवूनही काही फरक नाही, डॉक्टरांना शनिवारी पुन्हा दाखवायचं ठरलं. मदत शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली. आता बाबांनी स्टिकला हात नाही लावला तरी विमान उतरेल.

१२ एप्रिल, शनिवार

पेडल भरायला टेबलाखालचा त्याचा खोका ओढला. तळाशी पार्ले बिस्किटांचा जुना डबा. आत गोळ्या. दुपारच्या, संध्याकाळच्या. जानेवारीपासूनच्या. फेकल्या नाहीत, कुणाच्या तरी कामाला येतील म्हणून पुसून ठेवलेल्या.

बाबा लाजले नाहीत, उलट हसले. "डॉक्टराक आज गेल्यावर मीच सांगतलंय. तो म्हणता रोग वाढता. वाढता तर इमान कसा उतारता? हात बरो झालो माझो, झिला. मगे गोळी कित्याक खावची?"

आणि धरत धरत खुर्चीत जाऊन बसले. "लाव. तुका परत दाखवतंय."

मी लावला. मदत बंद. लाल रिबीन काढून.